9-9 ची अट: बॉबी फिशर पटावर का आला नाही

3 एप्रिल 1975 रोजी बुद्धिबळाचा जगज्जेता बदलला आणि त्यासाठी कोणाला एकही चाल खेळावी लागली नाही. फिडे या जागतिक संघटनेने तेव्हाचा जगज्जेता, अमेरिकेचा बॉबी फिशर, याला सामना खेळणार की नाही हे कळवायला 1 एप्रिलपर्यंत मुदत दिली होती. मुदत टळली, त्यावर आणखी दोन दिवस गेले, उत्तर आले नाही. अध्यक्ष मॅक्स युवे यांनी आव्हानवीर अनातोली कार्पोव याला जगज्जेता घोषित केले. कार्पोव तेव्हा 23 वर्षांचा होता, फिशर 32 चा. या सामन्यासाठी मनिलाने 50 लाख डॉलरची बोली लावली होती. तीन वर्षांपूर्वी आइसलँडमध्ये रेक्याविकला सोव्हिएत जगज्जेता बोरिस स्पास्की याला हरवून फिशरने मुकुट मिळवला, त्या गाजलेल्या सामन्याचे बक्षीस एका इंग्रज धनिकाने दुप्पट करूनही अडीच लाखांवर गेले नव्हते. म्हणजे रक्कम वीसपट झाली होती, आणि तिला कोणी हात लावला नाही.

या प्रसंगाची तीन स्पष्टीकरणे हमखास ऐकू येतात. घाबरला, हे पहिले. डोके फिरले होते, हे दुसरे. तत्त्वासाठी मुकुटावर पाणी सोडले, हे त्याच्या भक्तांचे. तिन्हींत थोडेफार तथ्य आहे, पण तिन्ही स्पष्टीकरणे फक्त फिशरकडे बघतात. सगळा घटनाक्रम ओळीने मांडला की माझी नजर त्याच्या भोवतीच्या माणसांकडे जाते. फिशर 1961 मध्ये जसा वागला तसाच 1967 मध्ये, 1972 मध्ये आणि 1975 मध्येही वागला. पहिल्या तिन्ही वेळा कोणीतरी पुढे होऊन त्याला पटाशी परत आणून बसवले. चौथ्या वेळी तसे कोणी उरले नव्हते. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो पटवायचा तर आधी त्या अटींचा हिशोब करायला हवा, कारण त्या अटींबद्दल बोलणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो केलेला असतो.

मागितले काय होते

जगज्जेतेपदाचा तेव्हाचा सामना 24 डावांचा असे. विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा. ज्याचे साडेबारा गुण आधी होतील तो जिंकला. 12-12 झाले तर मुकुट जगज्जेत्याकडेच राही. फिशरचे म्हणणे असे की ही पद्धत भेकडपणाला उत्तेजन देते. एखाद्याने सुरुवातीला एक-दोन डाव मारले की पुढे तो नुसत्या बरोबऱ्या करत वेळ काढू शकतो. हे म्हणणे चूक नव्हते.

म्हणून त्याने तीन गोष्टी मागितल्या. जो आधी 10 डाव जिंकेल तो विजेता, बरोबरीचे डाव मोजायचेच नाहीत. डावांच्या संख्येला मर्यादा नको. आणि निकाल 9-9 वर आला तर सामना तिथेच थांबवून मुकुट जगज्जेत्याकडे ठेवायचा. पहिली कल्पना त्याच्या मनातून निघालेली नव्हती. 1886 चा श्टाइनिट्झ-झुकरटोर्ट सामना, ज्याला पहिला अधिकृत जगज्जेतेपदाचा सामना मानतात, तो दहा विजयांचाच होता. श्टाइनिट्झने तो 20 डावांत संपवला होता. पण तेव्हाचे खेळाडू तलवार उपसूनच पटावर बसत. 1970 च्या दशकातले ग्रँडमास्टर बचावात इतके मुरले होते की डाव निकाली करणे हेच मोठे काम झाले होते.

कार्पोव आव्हानवीर ठरला तो 1974 मध्ये मॉस्कोत व्हिक्टर कोर्चनॉयला हरवून. त्या सामन्यात 24 डाव झाले आणि त्यातले 19 बरोबरीत सुटले. कार्पोवचे विजय तीन, कोर्चनॉयचे दोन. याच गतीने 18 निकाली डाव व्हायचे तर सुमारे 86 डाव खेळावे लागले असते. आठवड्याला तीन डाव धरले तरी सहा-सात महिने. असा सामना भरवणार कोण, आणि तो बघत बसणार कोण?

तरीही फिडेने यातले बरेचसे मान्य केले, हे सहसा सांगितले जात नाही. 1974 च्या नीस अधिवेशनात दहा विजयांची अट मंजूर झाली, फक्त 36 डावांची कमाल मर्यादा घातली गेली. फिशरने 27 जूनला युवे यांना तार करून ‘फिडेचे’ जगज्जेतेपद सोडत असल्याचे कळवले. इथे ‘फिडेचे’ हा शब्द महत्त्वाचा. स्वतःच्या लेखी तो जगज्जेता राहिलाच, शेवटपर्यंत. प्रतिनिधींनी राजीनामा न स्वीकारता फेरविचाराची विनंती केली. अमेरिकन संघटनेने पाठपुरावा केला, आणि मार्च 1975 मध्ये नेदरलँड्समधल्या बर्गेनला खास अधिवेशन बोलावण्यात आले. तिथे डावांची मर्यादाही उठवली गेली. तीनपैकी दोन मागण्या पदरात पडल्या. 9-9 ची तिसरी मागणी 35 विरुद्ध 32 मतांनी फेटाळली गेली. दोन प्रतिनिधींनी हात दुसरीकडे वर केला असता तर इतिहास वेगळा झाला असता.

आता ही अट किती अन्यायाची होती ते पाहू. आव्हानवीराला मुकुट घ्यायचा तर किमान 10-8 ने जिंकावे लागणार, म्हणजे दोन डावांची आघाडी हवी. माजी जगज्जेता बॉटविनिक याला ही अट खेळाडूवृत्तीला धरून वाटली नाही. उलट कोर्चनॉय आणि ब्रॉन्स्टीन या सोव्हिएत ग्रँडमास्टरांना तीत काही वावगे दिसले नाही. मी साधे आकडे मांडून बघितले. दोघे तंतोतंत तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक निकाली डाव म्हणजे छापा-काटा, असे धरा. मग 9-9 होण्याची शक्यता साडेअठरा टक्के येते. त्यातल्या निम्म्या वेळा पुढचा डाव जगज्जेत्याने जिंकलाच असता, म्हणून या अटीमुळे त्याला मिळणारा खरा फायदा नऊ टक्क्यांच्या किंचित वर.

हाच हिशोब 24 डावांच्या जुन्या नियमाला लावा. निम्मे डाव बरोबरीत सुटतात असे धरले तर 12-12 ची शक्यता साडेअकरा टक्क्यांच्या आसपास, आणि जगज्जेत्याचा फायदा पावणेसहा टक्के. पण कार्पोव-कोर्चनॉय सामन्यासारखे पाचात चार डाव बरोबरीत सुटू लागले, तर तीच शक्यता 18 टक्क्यांवर जाते आणि फायदा फिशरच्या अटीइतकाच होतो. म्हणजे ज्या सवलतीला ‘अन्याय’ म्हटले गेले ती जुन्या नियमात वेगळ्या वेषात बसलेलीच होती. फरक होता तो फार तर तीन-साडेतीन टक्क्यांचा.

आणि फिशर तुल्यबळ नव्हता, वरचढ होता असे मानले तर? 1975 च्या सुरुवातीच्या यादीत त्याचे रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद मोजणारा आकडा, 2780 होते, कार्पोवचे 2705. समजा निकाली डावांपैकी 60 टक्के तो जिंकला असता. मग 9-9 ची अट नसतानाही शंभरात 81 वेळा सामना त्याचाच. अट असती तर 86 वेळा. या पाच वेळांसाठी कोणी 50 लाख डॉलर आणि मुकुट सोडून देतो का?

सोडले तर खरेच. म्हणून ही अट हे कारण असू शकत नाही. ती फक्त ज्या जागी वाद थांबला ती जागा आहे.

आधीची वॉकआउट्स

1961 मध्ये, 18 वर्षांचा असताना, फिशर सॅम्युएल रेशेव्हस्कीशी 16 डावांचा सामना खेळत होता. साडेपाच-साडेपाच अशी बरोबरी झाली होती. प्रायोजक जॅकलिन प्याटिगोर्स्की यांच्या पतीचा, म्हणजे चेलोवादक ग्रेगोर प्याटिगोर्स्की यांचा, कार्यक्रम त्याच दिवशी होता म्हणून एका डावाची वेळ बदलून रविवारी सकाळची केली गेली. फिशर उशिरा उठणारा माणूस. तो आलाच नाही. न खेळताच तो डाव हरल्याचे ठरवले गेले, त्याने सामना सोडला आणि वर दावा ठोकला. त्याच जॅकलिन प्याटिगोर्स्की यांनी 1966 मध्ये सांता मोनिकाच्या आपल्या मोठ्या स्पर्धेला त्याला बोलावले. तो खेळला आणि स्पास्कीच्या मागे दुसरा आला. कोर्टात खेचणाऱ्याला पुन्हा मानाने बोलावणारी ही बाई फिशरच्या चरित्रात दोन ओळींत उरकली जाते.

1962 मध्ये कुरासाओची आव्हानवीर स्पर्धा हरल्यावर त्याने जाहीर आरोप केला की सोव्हिएत खेळाडू आपसात ठरवून बरोबऱ्या करतात. पेट्रोस्यान, केरेस आणि गेलर यांचे आपसातले सगळेच्या सगळे 12 डाव तिथे बरोबरीत सुटले होते. रडीचा डाव म्हणून काहींनी हसण्यावारी नेले, पण फिडेने पुढच्या फेरीपासून ती स्पर्धा रद्द करून त्या जागी दोघा-दोघांचे बाद पद्धतीचे सामने आणले. एकोणीस वर्षांच्या पोराच्या तक्रारीने जागतिक संघटनेने नियम बदलला. यातून त्याने काय धडा घेतला असेल, याची कल्पना करता येते.

1967 मध्ये ट्युनिशियातल्या सूसच्या आंतरविभागीय स्पर्धेत, म्हणजे आव्हानवीर निवडीच्या आधीच्या पायरीवर, तो दहा डावांत साडेआठ गुण घेऊन आघाडीवर होता. वेळापत्रकावरून वाद झाला. तो तेव्हा वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड या पंथाचे नियम पाळत असे आणि शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवार सूर्यास्तापर्यंत खेळत नसे. वाद विकोपाला गेला आणि आघाडीवरचा खेळाडू स्पर्धा सोडून निघून गेला. त्या फेरीचे जगज्जेतेपदाचे दार बंद.

पुढच्या फेरीचे दारही बंदच व्हायचे. 1969 च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत तो खेळला नाही, त्यामुळे नियमाने तो पात्रच नव्हता. मग अमेरिकन संघटनेचे एड एडमंडसन यांनी हालचाल केली आणि पाल बेन्को या ग्रँडमास्टरने आपली हक्काची जागा फिशरसाठी सोडली. बेन्को तेव्हा चाळिशी ओलांडलेला होता. पण तो स्वतः दोनदा आव्हानवीर स्पर्धेपर्यंत पोचलेला खेळाडू होता, हे विसरू नये.

त्या उसन्या जागेवर बसून फिशरने जे केले त्याला बुद्धिबळाच्या इतिहासात तोड नाही. 1970 मध्ये पाल्मा दे मायोर्का इथे त्याने साडेतीन गुणांच्या फरकाने पहिला क्रमांक घेतला, शेवटचे सात डाव सलग जिंकून. 1971 मध्ये व्हँकुव्हरला मार्क टायमानोवला 6-0. डेन्व्हरला बेंट लार्सनला 6-0. या पातळीवर 6-0 म्हणजे काय हे बुद्धिबळ न खेळणाऱ्याला सांगणे कठीण आहे. अशा सामन्यात एका डावाचा फरकही पुरेसा मानला जातो. नंतर ब्वेनोस आयरेसला पेट्रोस्यानविरुद्धचा पहिला डाव जिंकून सलग वीस. काही जण 19 म्हणतात, कारण पाल्मातला शेवटचा प्रतिस्पर्धी पान्नो याने वेळापत्रक फिशरच्या सोयीने बदलल्याच्या निषेधार्थ डाव खेळलाच नाही. विक्रमाच्या मधोमध हा वादाचा खडाही असणारच, फिशर आहे म्हटल्यावर.

रेक्याविक, आणि दुसरा नायक

1972 च्या सामन्याची कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे की सगळे तपशील देत नाही. मला त्यातला एकच भाग हवा आहे: तो सामना किती वेळा मोडता मोडता वाचला.

1 जुलैला उद्घाटन झाले तेव्हा फिशर आइसलँडमध्येच नव्हता. त्याला जास्त पैसे हवे होते. युवे यांनी नियम वाकवून सुरुवात दोन दिवस पुढे ढकलली. जिम स्लेटर या लंडनच्या धनिकाने सव्वा लाख डॉलरची भर घातली. अमेरिकन अध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांनी फोन केला. मग तो 4 जुलैला पोचला. सोव्हिएत पथकाने माफी मागायला लावली, त्याने हाताने लिहिलेले माफीचे पत्र स्पास्कीला पोचते केले. 11 जुलैला पहिला डाव सुरू झाला. साध्या बरोबरीच्या स्थितीत फिशरने 29 व्या चालीला उंटाने एच-2 वरचे प्यादे खाल्ले, उंट अडकला, आणि डाव गेला. दुसऱ्या डावाला तो चित्रीकरणाच्या कॅमेऱ्यांच्या आवाजाची तक्रार करत आलाच नाही. 0-2. त्याआधी स्पास्कीला तो आयुष्यात एकदाही हरवू शकला नव्हता. तीन पराभव, दोन बरोबऱ्या.

स्पास्कीने या क्षणी बॅग भरून मॉस्को गाठले असते तर नियमाने तो जगज्जेता राहिला असता. वरिष्ठांचा रोखही तसाच होता. तिसरा डाव प्रेक्षकांपासून दूर, मागच्या एका छोट्या खोलीत खेळायला तो राजी झाला. पुढे लोकांनी याला त्याची घोडचूक म्हटले. मला तसे वाटत नाही. त्याला सामना खेळायचा होता, आणि समोरचा माणूस खेळला तरच सामना होतो, एवढा साधा विचार त्यामागे होता. तो डाव फिशरने जिंकला, आणि पुढे सामनाही. सहाव्या डावात फिशरने आपली ठरलेली राजाच्या प्याद्याची सुरुवात सोडून वजिराच्या बाजूची सुरुवात केली आणि असा देखणा डाव खेळला की हरलेला स्पास्की प्रेक्षकांबरोबर टाळ्या वाजवू लागला. 1 सप्टेंबरला साडेबारा-साडेआठ असा निकाल लागला.

यात फिशरसाठी किती माणसे राबली ते मोजा. प्याटिगोर्स्की बाई, एडमंडसन, बेन्को, युवे, स्लेटर, किसिंजर, आणि सगळ्यांत मोठा स्पास्की. दर वेळी तो उठून निघाला, दर वेळी कोणीतरी खुर्ची ओढून धरली. उठून जाणे ही त्याच्या हातातली पटाबाहेरची सर्वांत यशस्वी चाल होती. तिने त्याला पैसा, खोली, वेळ, नियमबदल असे सगळे मिळवून दिले होते. यशस्वी चाल कोण सोडतो?

मधली तीन वर्षे

जगज्जेता झाल्यावर या तीन वर्षांत फिशर स्पर्धात्मक बुद्धिबळाचा एकही डाव खेळला नाही. तो कॅलिफोर्नियात पासाडेना इथे, वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉडच्या छायेत राहिला. बक्षिसातली मोठी रक्कम त्यांना दिली, आणि काही वर्षांत त्यांच्याशीही बिनसले. जवळची बुद्धिबळातली माणसे एकेक करून तुटत गेली. एडमंडसनशी त्याचे रेक्याविकच्या आधीच फाटले होते.

1975 मध्ये समोर कार्पोव होता. तो स्पास्की नव्हता, यात त्याचा काही दोष नाही. त्याने फिशरबरोबर एकही डाव खेळलेला नव्हता, आणि त्याच्या पाठीशी रेक्याविकचा अपमान गिळलेली सोव्हिएत संघटना उभी होती. तिला सवलत देण्याचे काहीच कारण नव्हते. युवे यांनीही 1972 मध्ये नियम वाकवल्याबद्दल भरपूर ऐकून घेतले होते. तरी त्यांनी खास अधिवेशनापर्यंत प्रकरण नेले. त्यापुढे त्यांच्या हातात काही नव्हते. फिशरने नेहमीची चाल खेळली, आणि या वेळी समोरून कोणी हलले नाही.

मग भीतीचे काय? तीन वर्षे न खेळलेल्या माणसाला पटाची भीती वाटत नसेल असे मी म्हणणार नाही. रेक्याविकपर्यंत त्याला एक शिखर गाठायचे होते. त्यानंतर फक्त ते सांभाळायचे होते, आणि हे काम त्याच्या स्वभावात बसणारे नव्हते. पण भीती 1972 मध्येही होती. तेव्हा ती 0-2 च्या रूपात चव्हाट्यावर आली आणि पार झाली, कारण पार करून देणारी माणसे होती.

वेडाच्या शिक्क्याबद्दल

फिशरला कोणता मानसिक आजार होता यावर ढीगभर लिहिले गेले आहे. त्याच्या हयातीत कोणत्याही डॉक्टरने केलेले निदान जाहीर झालेले नाही. दुरून, छायाचित्रे आणि रेडिओवरची बडबड बघून रोगांची नावे देणे हा मला उथळपणा वाटतो. त्यापेक्षा जे नोंदलेले आहे ते बघावे.

त्याची आई रेजिना 1930 च्या दशकात मॉस्कोत वैद्यकीय शिक्षण घेत होती. परत आल्यावर एफबीआयने तिच्यावर वर्षानुवर्षे पाळत ठेवली, तिची शेकडो पानांची फाइल पुढे उघड झाली. म्हणजे आपल्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे ही भावना त्या घरात नुसती कल्पना नव्हती. कागदोपत्री वडील वेगळे, खरे बहुधा पाल नेमेन्यी हे हंगेरियन शास्त्रज्ञ. सहाव्या वर्षी बहीण जोनने आणलेल्या पटावर तो खेळायला शिकला. तेराव्या वर्षी, ऑक्टोबर 1956 मध्ये, डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर देऊन त्याने जिंकलेला डाव आजही शिकवला जातो. चौदाव्या वर्षी अमेरिकेचा अजिंक्यवीर, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर, सोळाव्या वर्षी शाळेला रामराम. पुढे आई ब्रुकलिनच्या घरातून निघून गेली आणि तिथे सतरा-अठराचा मुलगा पुस्तकांसह एकटा उरला. 1963-64 च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्याने 11 पैकी 11 डाव जिंकले. पटावर त्याला हरकत घेणारे कोणी नव्हते आणि घरात सांगणारे कोणी नव्हते.

सोव्हिएत खेळाडूंबद्दलचा त्याचा संशय कुरासाओत बराचसा खरा ठरला होता. यातली अडचण अशी, की ज्याचा एक संशय खरा ठरतो त्याला पुढचे दहा संशय खोटे असू शकतात हे पटवणे जवळजवळ अशक्य होते. रेक्याविकला तर दोन्ही बाजूंना ही लागण झाली होती. खुर्चीत किंवा दिव्यात काही यंत्र लपवले आहे असा आरोप सोव्हिएत पथकाने केला, तपासणीत दिव्यात दोन मेलेल्या माश्या सापडल्या. त्यांना कोणी वेडे म्हटले नाही.

मात्र एका बाबतीत सबब नको. त्याचा ज्यूद्वेष, आणि तोही स्वतःची आई ज्यू असताना, आणि 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर फिलिपिन्सच्या रेडिओवर त्याने काढलेले उद्गार घृणास्पद होते. ‘प्रतिभावंत आहे, चालायचेच’ असे म्हणत लोकांनी वर्षानुवर्षे ते कानांआड केले. हीसुद्धा खुर्ची ओढून धरण्याचीच एक तऱ्हा होती, आणि तिचा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही.

नंतर

1976-77 मध्ये फिशर आणि कार्पोव गुपचूप भेटले. सामन्याची बोलणी झाली, हाती काही लागले नाही. फिडेने पुढे सहा विजयांची, अमर्याद डावांची पद्धत लागू केली. 1978 मध्ये कार्पोव-कोर्चनॉय सामना 32 डाव चालला. 1984 मध्ये कार्पोव-कास्पारोव सामना सुरू झाला तो पाच महिने आणि 48 डाव होऊनही संपेना, 40 डाव बरोबरीत. अखेर फेब्रुवारी 1985 मध्ये 5-3 वर तो थांबवावा लागला. सहा विजयांची ही गत, तर दहांचे काय झाले असते! गंमत म्हणजे फिशरला 9-9 नाकारणाऱ्या फिडेने कार्पोवला हरल्यास परतीच्या सामन्याचा हक्क दिला. तो हक्क त्याने 1986 मध्ये वापरलासुद्धा. माझ्या हिशोबाने दुसरी संधी ही 9-9 पेक्षा कितीतरी मोठी सवलत आहे.

फिशरच्या पटाबाहेरच्या सगळ्याच कल्पना टाकाऊ नव्हत्या. प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देणाऱ्या घड्याळाचे पेटंट त्याने 1989 मध्ये मिळवले. आज जगभरच्या स्पर्धा त्याच तत्त्वावर चालतात. मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठी टाकून मांडायचा त्याचा प्रकार, 1996 मध्ये जाहीर केलेला, आता त्याच्या नावाने जागतिक पातळीवर खेळला जातो. या दोन्ही गोष्टींसाठी त्याला कोणाच्या समोर बसावे लागले नाही.

बसला तो एकदाच, 1992 मध्ये, युगोस्लाव्हियात. स्वेती स्तेफान आणि बेलग्रेड. बक्षीस 50 लाख डॉलर, तेच जे त्याने मनिलात सोडले होते. नियम दहा विजयांचा, बरोबऱ्या मोजायच्या नाहीत. तीस डाव झाले, 15 बरोबरीत, आणि फिशर 10-5 ने जिंकला. समोर स्पास्कीच होता. दुसरा कोण असणार? या सामन्याने युगोस्लाव्हियावरचे निर्बंध मोडतात असे बजावणारा अमेरिकन सरकारचा कागद आला, त्यावर फिशर पत्रकारांसमोर थुंकला. त्यानंतर त्याला मायदेशी जाता आले नाही.

13 जुलै 2004 रोजी टोकियोच्या नारिता विमानतळावर, रद्द झालेल्या पासपोर्टवर प्रवास करताना, तो पकडला गेला आणि आठ महिने स्थानबद्धतेत राहिला. मार्च 2005 मध्ये आइसलँडच्या संसदेने त्याला नागरिकत्व देऊन सोडवले. 17 जानेवारी 2008 रोजी रेक्याविकमध्ये मूत्रपिंडे निकामी होऊन तो गेला. त्याने उपचार टाळले होते.

तो जपानच्या कोठडीत असताना स्पास्कीने अमेरिकेच्या अध्यक्षांना एक पत्र लिहिले होते. 1992 चा गुन्हा आम्ही दोघांनी केला, तेव्हा मलाही अटक करा, असे त्यात म्हटले होते. आम्हाला एकाच कोठडीत ठेवा, आणि एक बुद्धिबळाचा पट द्या.